आरशातला डावा डोळा

जपानमधल्या कुरोइशी गावच्या बाजारपेठेत सुमिएचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या आणि समोर भिंतभर आरसा. एकतीस वर्षं एका खुर्चीमागे ती उभी, दुसरीमागे नवरा किन्जी. हात कामात गुंतलेले, त्यामुळे दोघांचा सगळा संसार आरशातूनच बोलायचा. तिच्या हातून कल्ला कमीजास्त झाला की किन्जी आरशातून डावा डोळा बारीक करायचा. त्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली, कोपऱ्याखाली तीळ. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे.

किन्जी गेला आणि सुमिए लाकडावर ठसे कोरून कागदावर छापायच्या वर्गाला जाऊ लागली. वस्तऱ्याचा हात, कोरणी लगेच वळली. कोरायची मात्र एकच गोष्ट: तो डावा डोळा, एका कागदावर बारा वेळा. बाकीच्या बायका सफरचंदं कोरत.

"सुमिएबाई, एखादं सफरचंद कोरा की," वर्गाचे कुदो सर म्हणायचे. "तेवढीच डोळ्यांना विश्रांती."

सहा वर्षं गेली. लोक वाहवा करत, पण एकाही कागदातून किन्जी तिच्याकडे बघेना. तीळ, पापणी, सगळं फोटोशी ताडून पाहिलेलं, तरी माणूस परका.

"अगं, हुबेहूब दादा," नणंद हात्सुए म्हणाली. "आणखी काय हवंय तुला?"

"तुझा दादा असेल. माझा नवरा नाही हा."

आपण त्याचा चेहराच विसरलो, या भीतीनं ती आतून खचली होती. हा शेवटचा ठसा, नाही जमलं तर कोरण्या सरांना देऊन टाकायच्या, असं तिनं ठरवलं.

त्या आठवड्यात बर्फ वितळून तिची कागद वाळवायची माडी ओली झाली. म्हणून छापलेला कागद तिनं दुकानातच, खुर्च्यांमागे टॉवेलांच्या दोरीवर वाळत घातला. सकाळी तोफूवाले सासामोरी खुर्चीत बसले, तोंडाचा पट्टा चालूच. सुमिएनं त्यांच्या कानामागे वस्तरा लावला आणि सवयीनं मान वर केली.

आरशातून किन्जी बघत होता. तीळ इकडचा तिकडे गेला होता, तिनं आयुष्यभर पाहिला त्या बाजूला. समोरासमोर बसून एकमेकांकडे बघायला त्या दोघांना सवड मिळालीच कधी होती?

वस्तरा थांबला.

"काय हो, कान गेला की काय माझा?"

"आहे जागेवर. गप्प बसा जरा."

तिला रडू आवरेना. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. बारा डोळे बारीक होऊन बघतच होते, म्हणून तिनं सासामोरींकडे नीट पाहिलं. उजवा कल्ला गव्हाच्या दाण्याएवढा लांब राहिला होता.

"दिसलं हो मला," ती आरशाकडे बघत म्हणाली, आणि तिनं कात्री उचलली.