हिंडनला उतरलेला भाऊ

तमाम भगिनींना, विशेषतः ज्यांचे बंधू लांब राहतात अशा भगिनींना, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की नांदेड आणि गाझियाबाद यांच्यातलं अंतर आता दोन तासांवर आलं आहे. आपापल्या भावांवर लक्ष ठेवा.

लग्न होऊन मी गाझियाबादला आले त्याला अठरा वर्षं झाली. सगळ्या भाऊबिजा भावाविना गेल्या. धाकटा भाऊ नांदेडला, त्याचं बॅगांचं दुकान. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा, "ताई, गाडीत एक अख्खा दिवस आणि वर काही तास बसायचं म्हणजे कंबर राहते का सांग. मी कसली दिल्ली बघतोय या जन्मात!" मी लगेच विरघळायचे. उलट त्यालाच म्हणायचे, "राहू दे रे, कंबर जप."

भाऊ जवळ नसला की बहिणीने चंद्राला ओवाळायचं. मी तबक घेऊन गच्चीवर जायचे. पण दिवाळीत आमच्याकडे धूर असा की बिजेची कोर सोडा, समोरची इमारत दिसत नाही. नवरा अंदाजाने दिशा दाखवायचा, "थोडं डावीकडे. हां, बिल्कुल. ओवाळ आता." माझी खात्री आहे, मी इतकी वर्षं शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला ओवाळत आले. आणि तिच्यापुढे दरवेळी खरंखुरं रडले.

मग गाझियाबादच्या हिंडन विमानतळावरून नांदेडला विमान सुरू झालं. मी त्याच दिवशी मोबाईलवर अंतर काढलं. सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास. विमानाला दोन तास. हिंडन तर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. नवऱ्याला मानेसरच्या ऑफिसात पोचायला या दोन तासांहून जास्त वेळ लागतो. भावाला फोन लावला.

"काय रे, आता कंबर काय म्हणते?"

त्याने आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "येतो की. न येऊन जातो कुठे!"

आणि आला. भाऊबिजेच्या दुपारी, हातात एक छोटी बॅग, चेहऱ्यावर पहिल्यांदाच राजधानी पाहणाऱ्या माणसाचं आश्चर्य. रस्त्यात तीनदा म्हणाला, "बाप रे, केवढं शहर!" मी त्याला मेट्रो दाखवली. लहान मुलाला दाखवावी तशी, बोट करून.

संध्याकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. अठरा वर्षांनी पाटावर माणूस बसला होता. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं, तबक उचललं. डोळे भरून आलेले. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पाटावरून उठायचं नसतं म्हणून त्याने बसल्या बसल्याच उचलला. दुकानातल्या गोंगाटाची सवय असल्यामुळे त्याचा फोन कायम मोठ्या आवाजात असतो.

"नमस्ते साब! दिवाली मुबारक। इस बार आप आए नहीं, तबीयत तो ठीक है? कमरा रख दूँ? वही, खिड़कीवाला, हर सालवाला?"

भावाने फोन बंद केला. घाईत नव्हे, अगदी हळूच, जणू आवाज न करता बंद केला तर बोललेलं पुसलं जाईल.

"हर साल?" मी विचारलं.

"दुकानाचा माल..." तो म्हणाला. "होलसेल. दिल्लीत, पहाडगंजला."

"तू तर म्हणायचास माल हैदराबादहून येतो."

"थोडा तिकडूनही येतो."

"कधी यायचास?"

"दसऱ्याच्या आगेमागे. दोन दिवस फक्त."

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर धूर होता आणि त्यात ती टाकी. माझ्या हातातलं तबक तसंच अधांतरी. निरांजन आपलं इमानाने जळत होतं. त्या खोलीत इमानदार असं तेवढंच होतं.

"दरवर्षी तू इथे, मेट्रोने तासाभरावर होतास," मी म्हणाले. "आणि मी टाकीला ओवाळत होते."

तो कुंकवाच्या टिळ्यासकट लालबुंद झाला, पाटावरच सरकला आणि कळवळून ओरडला, "अगं ताई, पण पहाडगंजहून गाझियाबाद केवढं लांब पडतं!"