जाहिरातीतली आई

बेंगळुरूत जे. पी. नगरच्या एका फ्लॅटमध्ये कुकरच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. मराठी संवाद मी लिहिले होते. आईच्या भूमिकेसाठी आलेली बाई बेंगळुरूच्याच जुन्या मराठी घरातली होती. सावळी, हळू बोलणारी. संवाद पाठ करताना ती पदराची कड बोटांनी सारखी सरळ करत होती.

कुकर कंपनीचा साहेब आला आणि तिच्यासमोरच दिग्दर्शकाला म्हणाला, "ही कुठल्या बाजूने आई वाटते? कामवाली करा हिला. आई गोरी आणा."

मेकअपवाला विटकी साडी घेऊन आला. ती सोफ्यावरून उठली नाही.

"अण्णा, स्वल्प थांबा," ती कानडी मिसळत त्याला जरा थांबायला म्हणाली आणि साहेबाकडे वळली. "सर, कामवालीचं कामही मी करीन. पण माझ्या दोन मुली मला आई म्हणतात. त्या चुकतात का?"

तिचा आवाज शांत होता, पण बोटं पुन्हा पदराची कड सरळ करत होती. साहेब फोन घेऊन बाल्कनीत गेला. दिग्दर्शक हलकेच म्हणाला, "आईचाच सीन घेऊ."

पुढे जाहिरात टीव्हीवर आली. आई तीच होती. मात्र संगणकावर तिला इतकं गोरं केलं होतं, की मी तिला फक्त आवाजावरून ओळखलं.