नोर्ड आ: आईचं पोहणं आणि माझी सुट्टी

हवामानाच्या अ‍ॅपने रविवारी ऊन कबूल केलं, म्हणून निघालो. नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये राहून नोर्ड आचं तळं न पाहिलेलं आमच्या घरात एकच माणूस होतं, माझी आई. सांगलीहून येऊन तिला दोन महिने होत आले होते आणि पुढच्या आठवड्यात परतीचं विमान होतं.

माझी सात वर्षांची लेक, ईरा, हिला मराठी समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं. आईला डचचा गंध नाही. त्यामुळे उन्हाळाभर मी दोघींच्या मध्ये बसून भाषांतर करत होते. आई जायच्या आत त्या दोघींनी माझ्याशिवाय बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

जाणार असाल तर सायकलनेच जा. ऊन पडलं की गाडी लावायला जागा मिळत नाही. आई माझ्या कॅरिअरवर बसून आली, वाटभर "हळू गं" म्हणत. प्रवेश फुकट, वाळूचा किनारा चांगला, सावली बेताची. गाड्यावर फ्राइज मिळतात. आम्ही थालीपीठं नेली होती, ती जास्त बरी.

ईराला नुकताच पोहण्याचा पहिला डिप्लोमा मिळालाय. ती थेट पाण्यात. आजी का येत नाही, असं तिने मला डचमध्ये विचारलं.

"पोहायचे कपडे कुठेत माझ्याकडे?" आई म्हणाली. "आणि असते तरी या वयात चारचौघांत घालू? छे!"

मी ते सांगितल्यावर ईरा बुचकळ्यात पडली. डिप्लोम्याच्या परीक्षेत तिला कपडे आणि बूट घालूनच पोहायला लावलं होतं. इथे जागोजागी कालवे. माणूस पडतो तो कपड्यांसकटच. तिने आजीचा कुर्ता ओढला. "मेत क्लेरेन माख!"

कपडे घालून चालतं, हे मी मराठीत आणेपर्यंत आईने ओढणी माझ्या हातात दिली होती.

"आई, पाणी गार आहे गं!"

"कृष्णेत काय बंब लावला होता?"

आणि ती पंजाबी ड्रेसमध्ये सरळ पोहत सुटली. आई लहानपणी पोहायची, एवढंच मी ऐकून होते. मला स्वतःला पोहता येत नाही. ईरा तिला क्लासमधले हात दाखवत होती, आई तिला उताणं तरंगायला शिकवत होती. मधेच ईराचा आवाज आला, "आजी, पाय! पाय हलव!" चक्क मराठीत. मी दोन टॉवेल घेऊन काठावर उभी होते. फार बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं एकटंही वाटलं.

घरी आल्यावर ओला ड्रेस बाल्कनीत वाळत घातला. जेवताना ईरा आजीकडे बघून डचमध्ये म्हणाली, उद्या परत जायचं का? मी सवयीने तोंड उघडलं.

"थांब," आई मला म्हणाली आणि ईराकडे वळली. "हो गं, तुझी शाळा सुटली की जाऊ."