मला टायफॉइड झाला नव्हता

"हे तर वेड्यांच्या डॉक्टरचं आहे," सर म्हणाले. आमच्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंटचे हेड. महापालिकेच्या दवाखान्यातला माझा कागद त्यांनी मोठ्यानं वाचला, तेही केबिनचं दार सताड उघडं ठेवून. डिप्रेशन. गोळ्यांची नावंसुद्धा सोडली नाहीत. बाहेर पोरं सबमिशनच्या फायली घेऊन उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

माझी हजेरी कमी भरली होती. दोन महिने मला अंथरुणातून उठवत नव्हतं. आंघोळ नाही, जेवण नाही, नुसतं मरावंसं वाटायचं. शेवटी माझा मीच केसपेपर काढला, गोळ्या चालू केल्या. आता हेडची सही झाली तरच परीक्षेला बसता येणार होतं, म्हणून वडिलांना घेऊन गेले. ते भोसरीला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला. अर्धा दिवस रजा टाकून कंपनीच्या शर्टातच आले होते. सरांनी त्यांना साधं बसा म्हटलं नाही. त्यांना 'मामा' म्हणाले, शिपायाला म्हणतात तसं.

"मामा, पोरीचं लग्न करायचंय ना? मग असले कागद फिरवू नका. टायफॉइडचं सर्टिफिकेट आणा, लगेच सही करतो."

वडील मान हलवत राहिले. आणतो सर, आणतो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कंपनीत सुट्टी पाहिजे असली की सगळे तेच करतात, टायफॉइड नाहीतर कावीळ. आमच्या गल्लीतला डॉक्टर नाडीसुद्धा बघत नाही, लिहून देतो. म्हणजे मला न झालेला ताप सरांना चालत होता. आणि हाच माणूस महिन्यापूर्वी ऑडिटोरियममध्ये माईक धरून सांगत होता, मनातलं बोला, आम्ही तुमचे मित्र आहोत. मी पण टाळ्या वाजवल्या होत्या. माझीच मला चीड येते.

वडील माझा दंड धरून दाराकडे निघाले. मी हललेच नाही. डोक्यात सणक गेली होती.

"सर, मला टायफॉइड झाला नव्हता. डिप्रेशन झालंय. याच कागदावर सही करा, नाहीतर का करत नाही ते लिहून द्या."

वर्ष जाईल तुझं, म्हणाले. लिहून काही दिलं नाही.

मग मीच प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला, याच कागदावर परीक्षेला बसू द्या म्हणून, आणि ऑफिसात नेला. क्लार्क बाई हळूच म्हणाल्या, नुसतं आजारपण लिही ना गं. मी आजाराचं नाव खोडलं नाही. आवक शिक्का मारून घेतला, पोच घेतली.

बस स्टॉपवर वडील एवढंच बोलले, "आता तुला कोण करून घेईल?"

नका घेऊ म्हणावं, मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी धड बोललेले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण मी अर्ज मागे घेतलेला नाही.

परीक्षा सोमवारी आहे. हॉल तिकीट अजून दिलेलं नाही. नाही दिलं तर मी कॉलेजच्या गेटवर उभी राहणार, आणि आत जाणारा जो कोणी विचारेल त्याला कारण सांगणार. आजाराचं नाव घेऊन. आणि सरांचंही नाव घेऊन.