व्याह्यांच्या टेकड्या

देवालाही एकटं वाटतं, ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला कळलेली आहे, आणि तो माणूस माझा व्याही आहे. बाकीची माणसं देवाकडे जातात ती काहीतरी मागायला. आमचे व्याही जातात विचारपूस करायला, आणि तीही गर्दीतल्या देवांची नव्हे. "तितल्या देवाला आपलं तोंड बी आठवत नसतंय," असं त्यांचं म्हणणं. त्यांचे देव निराळे. तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याचा तलाव मागे टाकला की पुढे बोडक्या टेकड्या दिसायला लागतात. तिथल्या एका गावात त्यांचं आजोळ. स्वतः ते दुधनीचे, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या अडतीतले. पण वर्षातून दोनदा अडत बंद करून ते आजोळच्या तीन टेकड्यांवरच्या तीन देवांना भेटायला येतात. टेकडी हा शब्द आम्ही सोलापूरकर जरा सढळ हाताने वापरतो हे कबूल. ज्या गावात उंच म्हणून ऊन आणि गिरणीचं धुराडं एवढंच दाखवता येतं, तिथे कुठलाही उंचवटा डोंगर ठरतो. पण चढताना दम मात्र खऱ्या डोंगराएवढाच लागतो, हे मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगू शकतो. त्या दिवशी तो हात बहुतेक वेळ तिथेच होता.

देवाला भेटायची त्यांची एक रीत आहे. चपला देवळाच्या दारात नाही, टेकडीच्या पायथ्याला काढायच्या. अंगण तिथून सुरू होतं म्हणे. मग कुसळांतून आणि खड्यांतून अनवाणी वर जायचं. वर पोचल्यावर घंटेला हात लावायचा नाही, आधी बाहेर उभं राहून खाकरायचं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एकटा असतोय ओ. एकदम घंटा बडवली तर दचकंल की." मग आत जाऊन ऐसपैस मांडी घालायची आणि देवाशी कानडीत बोलायचं. "आतेनप्पा ऊटा?" म्हणजे, जेवण झालं का रे बाबा, इथून सुरुवात. पुढे तुरीचा भाव, पाऊसपाणी, भाऊबंदकी, अडतीवरच्या हमालाला झालेली जुळी, असं सगळं बयाजवार. मागणं काही नाही. मी म्हणालो, "मालक, काहीतरी मागा की." त्यांनी वर बघितलं. देवळाचा निम्मा पत्रा वाऱ्याने गेला होता. "त्याच्याकडं काय हाय देण्यासारखं? उलट मीच पत्रा आनतो म्हणलोय."

आता मी या माणसाबरोबर टेकड्या का चढत होतो, ते सांगायला हवं. माझी मुलगी आणि त्यांचा धाकटा मुलगा पुण्यात एकाच कंपनीत. दोघांनी आपसांत सगळं ठरवलेलं. मुलीने फोनवर मला परिस्थिती समजावून दिली होती. "अप्पा, तो लग्न करेल तर माझ्याशीच. पण वडिलांच्या मनाविरुद्ध करणार नाही. आणि वडील होणाऱ्या व्याह्याला आधी टेकड्यांवर नेतात. थोरल्या भावाच्या वेळी दोन स्थळं तिथूनच परत गेली."

"का परत गेली?"

"ते कुणाला सांगत नाहीत. तुम्ही फक्त एक करा. गप्प बसा. माहिती देऊ नका."

या शेवटच्या वाक्याला इतिहास आहे. कुठलीही इमारत, झाड किंवा भाजी समोर आली की तिच्याविषयी अधिकाराने बोलायची मला खोड आहे. सरकारी कचेरीत जन्म गेला. तिथे माहीत नसलेल्या गोष्टीवर ठाम शेरा मारायची सवय लागते. तरी मी मुलीला वचन दिलं, नवे बूट घेतले, हलक्या बदामी रंगाची पँट शिवून घेतली आणि एका थंडीतल्या सोमवारी सकाळी व्याह्यांच्या जीपमध्ये जाऊन बसलो. बूट पायथ्यालाच काढावे लागले. त्या दिवशी ते बूट एकंदर जीपमध्येच हिंडले.

पहिल्या टेकडीवर मी बराच वेळ गप्प होतो. देवाच्या आणि व्याह्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. मी भिंत बघत होतो. दगड बघितला, मधली फट बघितली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हेमाडपंती आहे. सातआठशे वर्षं तरी सहज."

व्याही कानडीतून मराठीत आले. "माझ्या मामानं बांधलंय. मी दगडं द्यायला हुतो हाताखाली."

"पण हे बिनचुन्याचं..."

"शिमिट मिळत नव्हतं तवा," ते म्हणाले, आणि देवाकडे वळून कानडीत काहीतरी बोलले. मला कानडी येत नाही, पण वाक्याच्या शेवटी ते माझ्याकडे बोट करून हसले, तेवढं समजलं.

दुसऱ्या टेकडीची चढण जरा उभी होती. मला मुलीला दिलेलं वचन आठवत होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. खरं तर श्वास सोडून दुसऱ्या कशालाच तोंड मोकळं नव्हतं. वर एक कडुनिंब, त्याखाली छान गार सावली, आणि सावलीत बसायला म्हणूनच ठेवल्यासारखा एक गुळगुळीत दगड. मी बसलो. डोळे मिटले. उघडले तेव्हा व्याही समोर हात जोडून उभे होते. मला वाटलं, माझ्या वयाचा मान ठेवताहेत. मीही हात जोडले.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "जरा उटता का? तुमी म्हसोबावर बसलाय."

मी उडालोच. मागे वळून बघितलं तर दगडाला ताजा शेंदूर, आणि त्यातला निम्मा आता माझ्या बदामी पँटीवर. मी देवाची माफी मागू, का व्याह्यांची, का शिंप्याला आठवू, ते सुचेना. मनात एकच गोष्ट, की माझ्या पोरीचं लग्न मी बसून मोडलं. व्याही मात्र दगडापुढे टेकले, आणि माझ्यासाठी म्हणून असेल, या वेळी मराठीत बोलले. "पाव्हणा नवीन हाय. दमलाय. त्यात वय झालंय. सांबाळून घे." मग पिशवीतून तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी काढून निघालेला भाग नीट लिंपून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "रंग जायाचा न्हाय बरं का. ती पँट आता हितं यायलाच ठिवा."

'यायलाच' या शब्दाला धरून मी तिसरी टेकडी चढलो.

तिसरा देव त्यांच्या आईच्या कुळाचा. इथे गप्पा थोड्या, कारण इथे कौल लावायचा असतो. देवाच्या कपाळावर ओलं फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. उजवीकडे पडलं तर देवाचा होकार, डावीकडे पडलं तर नकार. व्याह्यांनी पांढऱ्या शेवंतीचं फूल पाण्यात बुडवून लावलं, दोघा पोरांची नावं घेतली आणि आम्ही समोर बसलो.

फूल काही पडेना.

आम्ही बसून राहिलो. एक पाल देवामागून आली, फुलाकडे बघून परत गेली. शेवटी व्याही म्हणाले, "तवर खाऊन घिऊ." कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा. कडक भाकरी खाताना माणसाला बोलता येत नाही आणि समोरच्याचं ऐकूही येत नाही, त्यामुळे ती अशा प्रसंगी फार उपयोगाची. मी कुरकुर आवाज करत फुलाकडेच बघत होतो. जेवण झाल्यावर व्याही हात धुवायला बाहेरच्या हौदाकडे गेले.

आता देवळात दोघेच उरलो, मी आणि देव. पोरगी पुण्यात फोन हातात धरून बसली असणार. मी हेमाडपंती बोलून चुकलो होतो, म्हसोबावर बसून चुकलो होतो. फूल तर कपाळावर असं चिकटलं होतं की ते आपणहून पडलं असतं उन्हाळ्यात. मी उठलो, गाभाऱ्यात वाकलो, उजवी बाजू नीट मनात धरली आणि जपून फुंकर मारली. फूल पडलं. अगदी उजवीकडे. मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी दारातून आवाज आला.

"देवाचा उजवा हात बघायचा असतोय, पाव्हणं. आपला न्हाय."

मी समोर बघितलं. देव माझ्याकडे तोंड करून उभा होता. माझी उजवी बाजू म्हणजे त्याची डावी. मी माझ्या लेकीच्या लग्नाला देवाकडून स्वतः फुंकून नकार मिळवला होता. मी तिथेच भिंतीला टेकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर गप्प बसलो.

व्याही हात पुसत आत आले. त्यांनी फूल उचललं. "वारं लई सुटलंय आज," ते देवाला म्हणाले. आत वाऱ्याची झुळूकही नव्हती. फूल पुन्हा पाण्यात बुडवून त्यांनी कपाळावर लावलं, पण आता ते देवाच्या उजव्या कानाकडे इतकं कललेलं की डावीकडे पडलं असतं तर तो चमत्कारच म्हणावा लागला असता. त्यांनी हात काढायच्या आतच ते पडलं. त्यांनी नमस्कार केला.

"आमच्या सासऱ्यानं बी हितंच फुकलं हुतं," ते बाहेर येता येता म्हणाले. "मी तकडं त्या खांबाआड हुतो. फकस्त त्यांना बाजू ठाव हुती."

"आणि ती आधीची दोन स्थळं, मालक?"

"त्यातल्या एकानं घड्याळ बघितलं. दुसरा म्हणला, आमची पोरगी शिकलेली हाय, आमाला हे फूलबिल चालत न्हाय. बरोबरच हाय त्याचं. पण पोरीसाठी घाबरला न्हाई ओ कुणी."

उतरताना ऊन कललं होतं. खाली सोलापूर धुरकट दिसत होतं, तलावाचं पाणी ताटलीसारखं चमकत होतं. मी खुशीत होतो. टेकडी निम्मी उतरल्यावर फोनला रेंज आली आणि लगेच मुलीचा फोन वाजला. "अप्पा, काय झालं?" मी "जुळलं" म्हणायला तोंड उघडलं. दिवसभर मी एकच विचार करत होतो, मोडलं तर काय. जुळलं तर ती जाणार, हे तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. ती पलीकडून "अप्पा, अप्पा" करत होती आणि मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभा होतो.

व्याह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी बोलतोय बाळ, दुधनीवाला," ते म्हणाले. "समदं झालं. चांगलं झालं. तुजे अप्पा हितंच हायेत, माझ्याजवळ. जरा दमलेत. घरला गेल्यावर बोलतील तुज्यासंगं."

फोन बंद करून त्यांनी तो माझ्या खिशात ठेवला आणि वाटेतल्या एका दगडाकडे बोट केलं. "बसा. ह्यो दगडच हाय."

मी बसलो. तेही शेजारी बसले. त्यांना स्वतःची मुलगी नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र खाली गावात दिवे लागेपर्यंत त्यांनी उठायची घाई केली नाही.