आई, सातारा

माझा जर्मनचा वर्ग सकाळी सहाला भरायचा, फोनच्या पडद्यावर. शिकायला अकराजणी होत्या, बहुतेक मिरजेच्या दवाखान्यांमधल्या नर्स. परीक्षा देऊन जर्मनीत नोकरी मिळवायची म्हणून ड्यूटीआधी तासभर बसायच्या. मी सांगलीहून शिकवायचे. बारावी विद्यार्थिनी साताऱ्याहून यायची, ती माझी आई. तिला कुठेच जायचं नव्हतं. लेक रोज दिसते, एवढंच तिचं कारण. वर्गात दिसायला तिच्या फोनमध्ये मीच नाव घालून दिलं होतं, 'आई, सातारा'.

आपला आवाज बंद करणं तिला कधी जमलं नाही. मध्येच "थांब गं, दूध उतू चाललंय" असं ऐकू यायचं आणि वर्ग हसायचा. मुली तिला आजी म्हणायच्या. कुटुंबाच्या धड्यात मी एक वाक्य घातलं होतं, 'माझी आई साताऱ्यात राहते.' मुली ते जर्मनमध्ये एकसुरात म्हणायच्या. आई तिकडे मान हलवायची, हजेरी दिल्यासारखी.

या हिवाळ्यात ती गेली.

दुसऱ्याच दिवशी माझी मैत्रीण साताऱ्याला आली. आम्ही दोघी पुण्यात एका बाकावर बसून जर्मन शिकलो होतो. आईला ती मावशी म्हणायची. माझा हात धरून म्हणाली, "तेराव्यापर्यंत वर्ग मी घेते. तू कशातच लक्ष घालू नकोस." मला भरून आलं. मी तिला माझे धडे दिले, मुलींचे नंबर दिले, कोणाला कुठे अडतं तेही लिहून दिलं.

चौदाव्या दिवशी साताऱ्यातूनच मी वर्ग उघडला. सहा वाजले, सव्वासहा झाले. पडद्यावर माझा एकटीचाच चेहरा. तास संपेपर्यंत बसले आणि मग वर्गातल्या आटपाडीच्या मुलीला फोन लावला.

"अवं मॅडम, वर्ग झाला की आत्ताच. नवी लिंक हाय."

"कोणी दिली?"

"त्या मॅडमनी. म्हनल्या, तुमी आता शिकवनार न्हाई. फोन करू नका, तरास हुतोय तुमास्नी. लय रडलो आमी." मग आवाज बारीक झाला. "तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"

मी तिला ती लिंक आईच्या फोनवर पाठवायला सांगितली. का, ते तेव्हा उमगलं नव्हतं. माझ्या नावाने मला आत घेतलं नसतं, हे मनाला आधीच कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी आईच्या फोनवरून आत गेले, कॅमेरा बंद ठेवून. पडद्यावर माझीच पानं होती. उजळणीला कुटुंबाचा धडा होता. अकराजणी म्हणाल्या, 'माझी आई साताऱ्यात राहते.' तेवढं एक वाक्यसुद्धा तिने बदललं नव्हतं.

मग कोणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, आजी आल्यात."

मैत्रिणीचे डोळे नावांवरून खाली उतरत गेले आणि थांबले. "मावशी..." एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. मी कॅमेरा सुरू केला.

"अगं, मी सांगणारच होते तुला," ती म्हणाली.

"कधी?"

तिने खाली बघितलं, बोट हललं, आणि मला वर्गातून काढल्याची पाटी आली. माझं नाव काढलं असतं तर मी भांडले असते. तिने काढलं होतं ते आईचं.

तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. बाकीच्या दहाजणी तिच्याकडेच राहिल्या. परीक्षा तोंडावर होती, त्यांना कसा दोष द्यायचा? आटपाडीची एकटी परत आली. आम्ही दोघी सहाला बसतो. कुटुंबाचा धडा सोडून पुढे गेलो आहोत. तिने कारण विचारलं नाही.