मामेसासऱ्यांचं ऊन

सूर्य रोज सकाळी आपल्या परवानगीने उगवतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. पारोळ्याला स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर. माझ्या बायकोची आई ती लहान असतानाच गेली आणि ती या मामा-मामींकडे वाढली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे तिचं माहेर तेच आणि माझी सासुरवाडीही तीच. मी धुळ्याला नोकरीला असल्याने महिन्यातून एखादा रविवार तिथेच जायचा. मामांनी उभा जन्म एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढला होता. भोंग्यातून गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाजच असा झाला होता, की घरातल्या घरातही ते बोलत नसत, घोषणा करत. 'जेवायला बसणाऱ्यांनी त्वरित पाटावर यावे, भाकरी सुटण्याच्या बेतात आहे,' असं ते म्हणाले की पलीकडच्या गल्लीतलाही एखादा माणूस हात धुवायला उठत असेल. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्यापाशी पुकारायला काही उरलं नाही. दोन-तीन वर्षं ते नुसते ओट्यावर बसून स्टँडकडे कान लावायचे आणि नव्या माणसाने एरंडोलचा उच्चार नीट केला नाही म्हणून चिडायचे. मग त्यांच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्या, आणि मामांना पुन्हा एक वेळापत्रक मिळालं.

वीज किती तयार झाली ते मोबाइलवर दिसायचं. रोज दुपारी, मी कचेरीत डबा उघडला रे उघडला, की मामांचा फोन. "जावईबापू, आजचं ऊन एक नंबर शे! पाट्या जोरात!" ढग आला तर आवाज पडलेला असायचा, जसं काही चाळीसगावची गाडी रद्द झाली आहे. पहाटे उठून ते लांब दांड्याच्या फडक्याने पाट्या पुसत. किल्ल्याकडची माकडं येऊन पाट्यांवर बसत, तेव्हा ते त्यांनाही पुकारूनच हाकलत. नात्यागोत्यात कुठेही गेले तरी माणसांआधी गच्ची बघायचे. आमच्या एका भाचीची सोयरीक ठरवायला गेलो होतो. देण्याघेण्याची, मानपानाची बोलणी चालू असताना मामा गायब. खाली उतरले ते गंभीर चेहऱ्याने आणि माझ्या कानात, म्हणजे सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मुलगा चांगला शे. पण दक्षिणेला पाण्याची टाकी शे. सावली पडस." एकदा कुणाकडे सांत्वनाला दारावर गेलो होतो, घरातला कर्ता माणूस गेला होता, बायका रडत होत्या. तिथेही मामा हळहळत म्हणाले, "असं मोकळं छत, आणि भाऊ बघाले राहिना नही." त्यांना त्यातून दुःखच व्यक्त करायचं होतं, हे आम्हाला कळत होतं. त्या घरच्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

पाट्यांचे गुण मामा गावभर सांगत, आणि ते खरेही होते. विजेचं बिल जवळजवळ नाहीसं झालं होतं, भरउन्हाळ्यात मामींच्या खोलीत कूलर दिवसभर चालायचा, आणि मामींनी जन्मात पहिल्यांदा मिक्सर लावताना मीटरचा विचार केला नाही. अवगुण मात्र मामा घरातल्या भांडणासारखे दडवून ठेवत. गच्चीवर पाट्या आल्या आणि मामींच्या बिबड्यांना, ज्वारीच्या त्या मोठमोठ्या पापडांना, वाळायला जागा उरली नाही. मामींनी त्या अंगणात घातल्या तर शेजारच्या शेळ्यांनी मेजवानी केली. "बठ्ठं ऊन तुमन्या पाट्याच खाई जातीस, मन्ह्या बिबड्यासनी काय खावं?" असं मामींनी विचारलं, तर मामांनी त्या वर्षी बिबड्या बाजारातून आणल्या, आणि त्या घरच्यापेक्षा चांगल्या आहेत असं जाहीर करण्याचा अविचारही केला. दुसरा अवगुण तर त्यांच्या जिव्हारी लागला होता. पाट्या बसवणाऱ्या मिस्त्रीने त्यांना सांगितलं, की ऊन हवं, पण फार ताप झाला की पाट्या कमी वीज देतात. मामांना तो खानदेशाचा अपमान वाटला. "उन्हाला घाबरणारी वस्तू या गावात आणलीच कशाला?" असं म्हणून त्यांनी मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या पाट्यांवर गार पाणी ओतायला घेतलं. मिस्त्रीने हात जोडून, काच तडकेल म्हणून, त्यांना थांबवलं.

पण सगळ्यात मोठा अवगुण त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. घरात पूर्वी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर होता. पाट्या आल्या त्याच आठवड्यात मामांनी तो एरंडोलला आपल्या दुसऱ्या बहिणीच्या घरी नेऊन दिला. "आते आम्हले हाई कसाले? आमना घर सूर्यच शे," असं म्हणून बहिणीकडून पुरणपोळीचं जेवण जेवून आले. पुढे पहिल्यांदा लाइट गेली, आणि डोक्यावर लख्ख ऊन असताना घरातले पंखे थांबले. मिस्त्रीने म्हणे आधीच समजावलं होतं, की बाहेरची लाइट गेली की या पाट्याही आपोआप बंद होतात, कारण आपली वीज तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. मामांनी ते एखाद्या प्रवाशाची तक्रार ऐकावी तसं ऐकून सोडून दिलं होतं. आता कळलं, पण दिलेली वस्तू बहिणीकडून परत मागायची कशी? आणि गावात इतकं बोलून झाल्यावर सांगायचं कसं? लाइट गेली की मामा बनियन काढून ओट्यावर जाऊन बसत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, "हवा खाई राहिनू." समोरच मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान. त्यांचा डिझेलचा जनरेटर लाइट गेली की धडधडू लागे. मामा नाकाला रुमाल लावून ओरडत, "शेटजी, धूर! जगात काय चाललंय आणि तुम्ही अजून डिझेल जाळता!" शेटजी हसून हात हलवत. त्यांच्या दुकानात पंखा चालू असे.

मग मामी आजारी पडल्या. वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर आणि वरचेवरचा खोकला, फुप्फुसं आकसत गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन विजेवर चालायचं, त्याची नळी मामींच्या नाकात. पहिल्या दिवशी मी भेटायला गेलो तर मामी हसत म्हणाल्या, "पाव्हणा, मी बी आते लाइटवर चालस." मामा त्या वेळी दारात उभे होते. ते हसले नाहीत. नंतर कळलं, की त्या दिवसापासून ते इन्व्हर्टर आणायला उद्या जातो, उद्या जातो असं मनाशी म्हणत होते. मधूनमधून लाइट जायची, पण पाच-दहा मिनिटांत यायची, तेवढ्यापुरतं ऑक्सिजनचं लहान सिलिंडर होतं. आणि प्रत्येक वेळी लाइट आली की उद्याचं जाणं आणखी एक दिवस पुढे सरकायचं.

मे महिन्यात आम्ही दोघं तिथे होतो. दुपारची जेवणं झाली होती. लहान सिलिंडर भरायला दिलेलं होतं, संध्याकाळी यायचं होतं. चौकातल्या ट्रान्सफॉर्मरचा मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. मशीनने एक लांब शिट्टी दिली आणि तेही थांबलं. मामींनी पहिल्यांदा काही केलं नाही. मग त्या उठून बसल्या, दोन्ही हात गादीवर टेकले, आणि त्यांच्या गळ्याखाली खळगा पडू लागला. बायको पाठीशी बसून पेपराने वारा घालू लागली. मामा अनवाणीच जिन्यावरून धावले. त्यांच्यामागे मीही गेलो. गच्चीवर डोळे उघडवत नव्हते. पाट्या नुसत्या झळाळत होत्या. भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागला होता. मामांनी बटणं दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा दाबली, मग पाटीवर तळहाताने मारू लागले. "चाल! चाल ना रे!" तो आवाज घोषणेचा नव्हता. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले आणि एखाद्याने विश्वासघात केल्यासारखे म्हणाले, "जावईबापू, इतलं ऊन शे... इतलं ऊन शे ना!"

मी खाली धावलो तो सरळ समोर शेटजींच्या दुकानात. मशीन बंद पडलं, एवढंच म्हणालो. शेटजींनी काही विचारलं नाही. जनरेटरवरची लांब वायर सोडवून ते स्वतः वरच्या मजल्यावर गेले आणि गल्लीवरून ती आमच्या खिडकीकडे फेकली. मी तोवर धावत परतून खिडकीशी उभा होतो. दोनदा पडली, तिसऱ्यांदा मी पकडली. मशीन पुन्हा घरघरू लागलं. मामींच्या ओठांवरचा निळसर रंग जायला बराच वेळ लागला, पण गेला. खिडकीतून डिझेलचा धूर आत येत होता. शेटजी खाली गल्लीत येऊन म्हणाले, "भाऊ, धुराचं थोडं सहन करा." त्यात टोमणा नव्हता, खरोखरच काळजी होती. मामांनी खिडकीतून हात जोडले.

संध्याकाळी मामींचं लक्ष मामांच्या पायांकडे गेलं. तळव्यांना मोठे फोड आले होते. "पाय कसा भाजनात तुमना?" मामा म्हणाले, "काही नही." मामींनी बायकोकडून थंड तुपाची वाटी मागवली आणि नळीसकट वाकून ते तूप स्वतः त्यांच्या तळव्यांना लावलं. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी मामा लंगडत एरंडोलला गेले आणि बहिणीसमोर मान खाली घालून इन्व्हर्टर घेऊन आले. पुढच्याच महिन्यात पाट्यांनाही मोठ्या बॅटऱ्या जोडून घेतल्या, म्हणजे बाहेरची लाइट गेली तरी घर थांबणार नाही. खर्चाबद्दल बोलले नाहीत आणि गावात कुणाला सांगितलंही नाही. माझ्या बायकोला त्या दिवसाचा राग होता. मामींनी तिला जवळ घेऊन म्हटलं, "त्यासले काही बोलू नको वं." ती बोलली नाही.

श्रावणात मामी गेल्या. घरीच गेल्या, सकाळच्या वेळी. त्या वेळी लाइट होती. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. मशीन शेवटपर्यंत चालू होतं, आणि मामी गेल्यावरही बराच वेळ चालूच होतं, कारण ते बंद करायला कुणाचा हात पुढे होईना.

त्यानंतर दुपारी माझा फोन वाजेनासा झाला. ज्या फोनला कंटाळून मी कधीकधी तो उपडा ठेवत असे, त्याची आता डबा उघडताना वाट पाहू लागलो. आम्ही मामांना धुळ्याला या म्हणालो, ते नको म्हणाले. पाट्यांवर कापसाच्या जिनिंगची धूळ साचत गेली, माकडं वर येऊन निवांत बसू लागली. घरात एक माणूस, एक पंखा, एक दिवा. उरलेली वीज तारेतून कुठे कुठे निघून जायची, आणि मामा त्याचाही हिशेब पाहत नव्हते. मामींच्या खोलीचं दार लावलेलं असायचं. एकदा एक पाहुणा चुकून त्या खाटेवर टेकला, तर मामा नुसते त्याच्याकडे बघत राहिले, तोवर तो आपणहून उठला.

पुढच्या उन्हाळ्यात विहाराच्या गल्लीतली एक सून त्यांच्या दारात आली. तिच्या सासूबाई सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स. अर्ध्या पारोळ्याला लसी टोचलेल्या, सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांनाही आता तेच मशीन लागलं होतं. सून म्हणाली, "आबा, दुपारची लाइट गेली की आमच्या जिवात जीव राहत नाही. शेटजींनी बॅटऱ्या वर चढवताना पाहिल्या होत्या, ते म्हणाले, तुमच्याकडे सोय आहे. लाइट गेली तर घेऊन येऊ का त्यांना?" मामांनी तिला आधी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, असं शेटजींनी मला सांगितलं. मग म्हणाले, "लाइट जायची वाट बघू नका. सकाळीच आणा." आणि आत जाऊन त्यांनी खोलीचं दार उघडलं, चादर बदलली, आणि फडकं घेऊन गच्चीवर गेले.

आम्ही पुढच्या रविवारी गेलो तर अक्का मामींच्या खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या आणि मामांना रागावत होत्या. "याला चहा म्हणतात का आबा? साखर दुकानातच ठेवून आलात का?" मामा मुकाट्याने साखर आणायला गेले. बायको स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली, मी दाराशी बसलो. तेवढ्यात बाहेर शेटजींचा जनरेटर धडधडला, म्हणजे गावातली लाइट गेली होती. आमच्याकडे काहीच थांबलं नाही. मला वाटलं, आता तरी मामा काही बोलतील, पाट्यांचं, बॅटऱ्यांचं. ते साखरेची वाटी हातात धरून मशीनचा आवाज ऐकत उभे राहिले.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "आबा, तुमच्या मंडळी कशा होत्या? मी त्यांना टोचलंय की नाही, आठवत नाही."

मामी गेल्यापासून मामांनी त्यांच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आमच्यापाशीही नाही. त्यांनी वाटी खिडकीत ठेवली, स्टूल ओढलं, बसले.

"दुपारी केस विंचरताना ती गाणं गुणगुणायची," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला पुढे झुकावं लागलं. "चांगलं म्हणायची. मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. जागा आहे असं कळलं असतं, तर थांबली असती ती."

"कुठलं गाणं?" अक्कांनी विचारलं.

मामा आठवू लागले. आत भांड्यांवर पाणी पडत होतं, ते थांबलं. बायकोने नळ बंद केला होता.